बोर्ड बदलल्यानंतर

सर्व्हरचा बोर्ड गेला तो धुळीमुळे. ओतकामाच्या कारखान्यात लोखंडाची काळी पूड कुठे शिरत नाही? जेवणाच्या डब्यात, कानात, घरी गेल्यावर उशीच्या अभ्र्यात. तशी ती एक दिवस सर्व्हरच्या पोटात शिरली, ठिणगी उडाली आणि वरच्या ऑफिसात जळक्या प्लास्टिकचा वास भरला.

ताईने नवा बोर्ड आणून बसवला. कारखान्यातलं कॉम्प्युटरचं सगळं काम तीच बघायची. मालक तिचे दोघे भाऊ, आणि ती मधली. पण फोरमनकाकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. थोरल्याला सगळे दादा म्हणत आणि धाकट्याला छोटू. छोटू सहा फुटांच्या वर होता, ऑफिसच्या दारातून येताना त्याला मान वाकवावी लागायची. पण लहानपणी चिकटलेलं नाव काही माणसाबरोबर वाढत नाही.

जुन्या डिस्क शाबूत होत्या. नव्या बोर्डाला जोडल्यावर सर्व्हर सुरूही झाला, आणि मग पडद्यावर पाटी आली. हे मशीन वेगळं आहे, लायसन्स या मशीनचं नाही, पुन्हा ॲक्टिव्हेट करा. तोवर दर तासाला सर्व्हर आपोआप बंद होईल.

ताईने इंटरनेटवरून प्रयत्न केला, तर नकार. लायसन्सचा क्रमांक नव्याने टाकून पाहिला, तरी नकारच. आत डिस्क त्याच, माहिती तीच, फक्त बोर्ड बदलला होता. पण लायसन्स बांधलेलं होतं ते जुन्या बोर्डाशी.

छोटू तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता. "म्हणजे उद्या माझं डोकं फुटून नवीन बसवलं तर मलाही फोन करून विचारावं लागेल, की बाबांनो, मी तोच आहे का?"

"तुझ्यासाठी फोन कोण उचलणार?" ताई म्हणाली. "खरंच फोन करावा लागेल मात्र. सॉफ्टवेअर कंपनीचं माणूस लागलं तर ते इकडचे आकडे घेऊन तिकडचे आकडे देतात. पण लाइन लागायला वेळ जातो."

दादा टेबलाशी उभा राहून कागदांवर सह्या करत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "भट्टी कधी लावायची?"

"ॲक्टिव्हेट झाल्यावर."

"आज माल गेला पाहिजे."

"दादा, भट्टीजवळचा पडदा याच सर्व्हरवर चालतो," छोटू म्हणाला. भट्टी त्याच्या ताब्यात होती. "लोखंड किती तापलं, लेडलमध्ये किती भरलं, सगळं आम्ही त्या पडद्यावर बघतो. मधेच काळा झाला तर डोळे बांधून ओतल्यासारखं आहे."

लेडल म्हणजे वितळलेलं लोखंड भट्टीतून साच्यापर्यंत नेणारी मोठी लोखंडी बादली. ती साखळीवर लटकते, आणि तिच्या कडेशी माणूस उभा असतो.

दादाने सही पुरी केली. "दर तासाला बंद पडतो ना? मग दोन बंदच्या मधे ओतून घ्या."

दादापुढे बोलायची या घरात सवयच नव्हती. वडील गेले तेव्हा त्याने कॉलेज सोडलं, कारखान्यात उभा राहिला, दोघा भावंडांना शिकवलं. हे सगळं खरं होतं. आणि त्याचा हात सुटायचा, हेही खरं होतं. मार्क कमी पडले की पट्टा, उशिरा आलं की पट्टा, उलट उत्तर दिलं की जे हाताला लागेल ते. मार नेहमी छोटूला. ताई दाराआड उभी राहून तोंडात ओढणीचा बोळा धरायची. पुढे छोटू दादापेक्षा वीतभर उंच झाला, पण दादाने हात उगारला की तो तसाच खाली मान घालून उभा राहायचा, जसा नवव्या वर्षी राहायचा.

पहिली भट्टी निभावली. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला की ताई वरून घंटा वाजवायची आणि छोटू काम चालू करायचा. बंद पडायच्या आधी ती पुन्हा घंटा वाजवायची आणि सगळे हात काढून मागे सरायचे. पोरं हसतही होती. शाळा भरल्यासारखं वाटतंय, असं एक जण म्हणाला. तेवढा वेळ फोन ताईच्या खांद्यावर होता आणि त्यातून एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता.

दुपारी फोनवर माणूस आलं. एक बाई होती, आवाज शांत, जरासा सर्दी झालेला.

"हार्डवेअरमध्ये काय बदललं?"

"बोर्ड. जुना जळला."

"जुनं मशीन अजून कुठे वापरात आहे?"

"नाही."

"ही प्रत सध्या किती मशीनवर आहे?"

"एकाच."

"ठीक आहे. पडद्यावर आकड्यांचे गट दिसत असतील. एकेक गट सावकाश वाचा."

ताई वाचू लागली. दोन गट झाले, तिसरा चालू होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात इशारा आला: सर्व्हर थोड्याच वेळात बंद होत आहे. तिने काचेतून खाली बघितलं. भट्टी वाकलेली होती आणि पांढऱ्या लोखंडाची धार लेडलमध्ये पडत होती. आता ओतायला नको होतं. मागची घंटा तिनेच वाजवली होती, थांबण्यासाठी.

"हे कोणी चालू केलं?" ती म्हणाली.

"मी सांगितलं," दादा म्हणाला. तो काचेशी उभा होता. "एवढी एक लेडल भरून होईल."

"होणार नाही. दादा, आत्ता जाणार आहे पडदा."

"भरत आलीय. आता थांबवलं तर सगळं लोखंड वाया."

ताईने घंटेच्या बटणाकडे हात नेला. दादाने तिचं मनगट पकडलं. जोर फारसा नव्हता, पण सोडलंही नाही. तेवढ्यात टेबलावरचा पडदा काळा झाला. खालचाही झाला असणार.

लेडल भरली आणि भरतच राहिली. ज्याच्याकडे पाहून भट्टी सरळ करायची तो आकडाच नव्हता. कडेवरून लोखंड उतू गेलं आणि खालच्या ओलसर वाळूवर पडलं. ओल्या वाळूवर वितळलेलं लोखंड पडलं की ते सांडत नाही, फुटतं. आवाज असा झाला की ऑफिसची काच तिच्या चौकटीत थरथरली. खाली सगळीकडे ठिणग्यांचा पाऊस पडला, आणि मग धुरातून एक किंकाळी आली, लांब, न थांबणारी.

दादाचा हात सुटला. ताईने फोन टेबलावर टाकला आणि जिन्याकडे धावली.

ती खाली पोहोचली तेव्हा छोटूने भट्टीचा लाल खटका पाडला होता. लेडलच्या कडेशी उभा असायचा त्या ओताऱ्याला त्याने काखेत धरून बाहेरच्या नळाशी नेलं होतं. ओताऱ्याचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली जळला होता. बुटाचं कातडं आणि पायाचं कातडं वेगळं ओळखू येत नव्हतं. छोटूने कात्रीने पँट कापली, नळ पूर्ण सोडला आणि त्याचं डोकं स्वतःच्या छातीशी घट्ट धरून ठेवलं, त्याला पाय दिसू नये म्हणून. ओतारी किंचाळायचा थांबला होता आणि दात वाजवत होता. फोरमनकाकांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता.

दादा जिना उतरला तो नळाकडे गेला नाही. सरळ भट्टीकडे गेला.

"खटका कोणी पाडला?"

छोटूने ओताऱ्याला दुसऱ्याच्या हाती दिलं आणि उठून आला. "मी."

"आत लोखंड आहे. गोठलं तर भट्टी कायमची गेली. कळतं का तुला?"

"माणूस जळलाय, दादा."

"वर कर खटका."

"नाही."

तो खटक्यासमोर उभा राहिला. हात लोंबते, मान नेहमीसारखी खाली. फक्त जागेवरून हलला नाही. भट्टीवरची मळी ओढायची लांब सळई भिंतीला टेकवलेली होती. दादाने ती उचलली आणि दोन्ही हातांनी छोटूच्या खांद्यावर घातली.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दुसरा वार पाठीवर बसला आणि छोटू गुडघ्यांवर आला. तिसरा डोक्यावरून घसरला, कान फाटला, मानेवरून रक्त सदऱ्यात उतरलं. आजूबाजूला पंधरा-वीस माणसं उभी होती, एकेकाच्या दंडात बैलाची ताकद, आणि कोणाचा पाय उचलत नव्हता. मालक मालकाला मारत होता. मधे कोणी पडायचं?

"दादा, बास," फोरमनकाका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नसेल.

चौथ्या वेळी सळई वर गेली तेव्हा छोटूने मान वर केली. ताईने त्याचा चेहरा पाहिला आणि तिला तो ओळखू आला नाही. रागही नव्हता त्यावर. एखादं अवघड गणित अचानक सुटावं तसा होता. त्याने धड हाताने सळई धरली, दादाच्या हातातून काढली आणि बाजूला टाकली. मग त्याच हाताने दादाची गळपट्टी धरून त्याला मागे ढकलत नेऊ लागला.

मागे भट्टी होती. खटका पडला तरी आतलं लोखंड अजून लाल होतं. दादाचे पाय जमिनीवरून घसरत होते, तो ओरडत होता, शिव्या देत होता, मग नुसताच ओरडत होता. तोल सावरायला त्याने हात मागे नेला आणि तळवा भट्टीच्या कडेवर टेकला. मांस भाजल्याचा वास सुटला. छोटू थांबला नाही. दादाच्या पाठीवरचा सदरा तपकिरी होऊन धुरायला लागला.

"छोटू," ताई म्हणाली. मग ओरडली. त्याला काही ऐकू येत नव्हतं.

साखळी आवळायचा मोठा पाना जवळच पडला होता. तिने तो उचलला. डोक्यावर मारला तर मरेल, पाठीवर मारला तर त्याला कळणारही नाही. कुठे मारलं तर तो सोडेल हे तिला माहीत होतं, तिथेच उभं राहून तिने मघाशी तो आवाज ऐकला होता. तिने मोडलेल्या खांद्यावर मारला.

छोटूच्या तोंडून आवाजही निघाला नाही. बोटं उघडली, आणि तो कुशीवर कोसळला. दादा पुढे वाळूत पडला, खोकत, भाजलेला हात छातीशी धरून. छोटूने पडल्या पडल्या मान वळवली आणि कोणी मारलं ते पाहिलं. ताईच्या हातात पाना अजून होता.

इतका वेळ खिळलेली माणसं आता एकदम हलली. चौघांनी दादाला धरून दूर नेलं आणि धरूनच ठेवलं. ॲम्ब्युलन्स आली, ओताऱ्याला घेऊन गेली. दुसरी यायची होती. ताई छोटूजवळ बसली, कानाला फडकं दाबून धरलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. ते आपोआप मिटले नव्हते, मुद्दाम मिटून घेतले होते.

फोरमनकाका वाकून हळूच म्हणाले, "ताई, वेळ नाही म्हणून बोलतो. आत लोखंड तसंच ठेवलं तर वर साय धरेल आणि खाली पातळ राहील. मग ती फुटली तर हे छप्पर राहणार नाही. भट्टी आत्ता रिकामी करायला हवी. पण पोरं हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, पडदा पुन्हा जाणार नाही असं ताईंनी सांगितलं तरच."

"याच्याजवळ कोण बसेल?"

"मी बसतो."

ती जिना चढून वर गेली. टेबलावर फोन पडलेला होता. लाइन तुटली असेल म्हणून तिने उचलला, तर आतून आवाज आला.

"मॅडम? तुम्ही आहात का? मी लाइन सोडली नाही. इथे सगळं ऐकू येत होतं. कोणाला कळवू का? तुमचा पत्ता माझ्यासमोर नाही."

ताईने पत्ता सांगितला. "पोलिसांना कळवा."

"माझ्या शेजारची लावतेय फोन." मग तिने विचारलं, "तुम्हाला लागलंय का?"

"नाही. ऐका, मला ते आकडे पुरे करायचेत. आत्ता. खाली माणसं थांबलीत."

बाईने एकही प्रश्न विचारला नाही. "सर्व्हर सुरू करा," ती म्हणाली. "मी आहे."

सर्व्हर सुरू झाला. पाटी तीच, आकडे तेच. ताई पहिल्या गटापासून वाचू लागली. वाचताना सात आणि एक सारखे दिसत होते. किबोर्डवर बोटांचे लाल ठसे उमटत होते. एका गटाला तिचा आवाज फाटला, तेव्हा पलीकडून बाई म्हणाली, "घाई नाही, पुन्हा वाचा," आणि तिने पुन्हा वाचला. मग बाईने तिकडचे आकडे सांगितले आणि ताईने टाकले. पडद्यावर एक छोटी चौकट आली. ॲक्टिव्हेट झालं.

"झालं," ताई म्हणाली.

"बरं," बाई म्हणाली आणि नेहमीचं काहीतरी बोलायला लागली, फोन केल्याबद्दल आभार वगैरे, आणि मधेच थांबली. "सांभाळा," म्हणाली आणि फोन ठेवला.

ताईने काच उघडून खाली सांगितलं, "पडदा जाणार नाही." पोरांनी भट्टी रिकामी केली. लोखंड कोरड्या खड्ड्यात ओतलं, नुसतंच, कुठल्याही साच्यात नाही.

दवाखान्यात दादाच्या हाताला पट्ट्या बांधलेल्या होत्या. ताई गेली तेव्हा त्याने सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. फक्त वहिनी, त्याची बायको, खिडकीशी बसून राहिली.

"तू मला वाचवलंस," दादा म्हणाला. "आता जबाबातही वाचव. सांग की फुटलं तेव्हा छोटू पडला, त्याला सळई लागली. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"घरातलीच गोष्ट आहे म्हणून इतकी वर्षं गप्प होते."

"मी तुमच्यासाठी काय केलं ते विसरलीस?"

"नाही विसरले. तेही सांगेन."

खिडकीजवळून वहिनी म्हणाली, "माझाही जबाब घ्यायला सांगा पोलिसांना." दादाने तिच्याकडे पाहिलं. ती उठली, बाही वर केली आणि ताईला दंड दाखवला. कोपराच्या वरती हाड वेडंवाकडं जुळलेलं होतं. "त्या दिवशी तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत जेवत होतात," ती म्हणाली. "मी पाय घसरून पडले असं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही मला हळद लावून दिली होती."

ताईला ते आठवलं.

तिने सगळं सांगितलं. मनगट धरल्यापासून पान्यापर्यंत. पान्याचं सांगताना पोलिसाने लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, हे लिहू का? ती म्हणाली, लिहा. पुढे कोर्टात ओतारी कुबड्या घेऊन आला आणि त्यानेही सांगितलं. पायाची दोन बोटं काढावी लागली होती, पण पाय राहिला होता. दादाला शिक्षा झाली. त्याच्या वकिलाने शेवटपर्यंत एकच मुद्दा लावून धरला: धाकट्याचा हात जो कायमचा अधू झाला तो सळईने नव्हे, बहिणीच्या पान्याने. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, कोणत्या माराने काय झालं ते सांगता येणार नाही.

ताईला त्या वाक्याने झोप लागेना. छोटूच्या खांद्यात धातूची पट्टी घातली होती, तरी डावा हात छातीच्या वर जात नव्हता. घरी दोघं एका टेबलावर जेवत, मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलत. तो रागावला आहे का, हे तिला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

कारखाना पुन्हा सुरू झाला त्या सकाळी तो वर ऑफिसात आला. ती सर्व्हरच्या जाळीवरची धूळ काढत होती.

"हाड दादानेच मोडलं," तो एकदम म्हणाला. "तुझ्या वेळेला ते मोडलेलंच होतं. मोडलेलं काय मोडणार?"

"डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही."

"हाड डॉक्टरांचं आहे की माझं?"

तिने ब्रश खाली ठेवला. तो खरं बोलतोय की तिच्यासाठी बोलतोय, हे त्याच्या चेहऱ्यावरून काढायचा तिने प्रयत्न केला. लहानपणीही तिला ते कधी जमलं नव्हतं. मार खाऊन आला की तो म्हणायचा, ताई, लागलं नाही गं.

"तू मला सांग," ती म्हणाली, "मी मारलं नसतं तर तू थांबला असतास?"

त्याने काचेतून खाली भट्टीकडे पाहिलं.

"नसतो थांबलो," तो म्हणाला. "आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. तेच आठवतं मला सारखं. खांदा नाही आठवत."

खालून फोरमनकाकांची हाक आली. छोटूने खांद्यावरचं कातडी एप्रन उजव्या हाताने पुढे ओढलं, पट्टा गळ्यात अडकवला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. मागच्या दोऱ्या लोंबत होत्या. त्याचा हात तिथपर्यंत पोहोचत नव्हता.

ताईने दोऱ्या हातात घेतल्या आणि बांधू लागली.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "तू सैल बांधतेस."